शब्दचर्चा: ड्राफ्टमधला 'सेफ' आणि 'अपसाइड', मराठीत काय म्हणायचं?

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, ज्यात टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतो आणि आमच्या घरी तो मी आणि बाबा मिळून बघतो, बाबा तरुणपणी बरीच वर्षं बास्केटबॉल खेळलेत, खेळ त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो पण ती भरभर इंग्रजी कॉमेंट्री नाही झेपत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत जाते. आणि दर वर्षी एकाच जागी अडकते. कॉमेंटेटर म्हणतो हा सेफ पिक आहे, फ्लोअर हाय आहे, आणि तो दुसरा पोरगा हाय अपसाइड, त्याचं सीलिंग फार वर आहे. मी सांगितलं सुरक्षित निवड, तर बाबा म्हणाले सुरक्षित म्हणजे काय गं, त्याला दुखापत होत नाही का? 'तळ उंच आहे' म्हटलं तर त्यांना काहीच बोध होईना, कारण मराठीत तळ गाठला म्हणजे वाट लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 30 टीम, दोन फेऱ्या, साधारण 60 पोरं. मागच्या सीझनला प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत न पोचलेल्या 14 टीमची लॉटरी निघते आणि त्यात निवडीचे वरचे नंबर ठरतात. मग खरा प्रश्न येतो, कॉलेजात तीन-चार वर्षं खेळून तयार झालेला घ्यायचा की 18-19 वर्षांचा लांब हातापायाचा पोरगा घ्यायचा, जो आज काहीच नाही पण उद्या कोण होईल सांगता येत नाही. या दोघांना मराठीत नेमकं काय म्हणाल?

लातूरहून:
ताई, फ्लोअरला आमच्याकडे रोजचा शब्द आहे, हमीभाव. सोयाबीनचा बाजार कितीही पडला तरी याच्या खाली भाव जाऊ नये म्हणून ठरवलेली किंमत, इंग्रजीतही त्याला फ्लोअर प्राइसच म्हणतात की. म्हणजे तुमचा हाय फ्लोअरवाला हा हमीभावाचा खेळाडू. मॅल्कम ब्रॉगडन घ्या. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत पूर्ण शिकून 23 व्या वर्षी ड्राफ्टला आला, 2016 ला मिलवॉकीनं 36 व्या नंबरवर उचलला, आणि 2017 चा रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू. बाबांना हमीभाव म्हणून बघा, लगेच कळेल.

देवगडहून:
हमीभाव छान आहे पण तो धान्याचा शब्द झाला, माणूस पिकत जातो त्याला आंब्याचे शब्द जास्त शोभतात असं माझं प्रामाणिक मत. झाडावर पहिलं फळ पिकायला लागलं की आम्ही म्हणतो पाड लागला. पाडाला आलेलं फळ म्हणजे तुमचा सेफ पिक. कोवळी कैरी म्हणजे अपसाइड. आणि ज्याला ते डेव्हलपमेंट म्हणतात ती आढी, गवतात नीट रचून, ऊब देऊन, वाट बघायची. आता 2003 चा ड्राफ्ट बघा, डेट्रॉइटकडे दुसरा नंबर होता, त्यांनी 18 वर्षांचा डार्को मिलिचिच घेतला आणि मागे कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड राहिले, तिसऱ्या चौथ्या पाचव्या नंबरला गेले. डेट्रॉइट पुढच्याच वर्षी 2004 ला चॅम्पियन झालं, म्हणजे टीम भरलेली होती, त्या पोराला मैदानावर वेळच मिळाला नाही. कैरी घेतली आणि आढी लावलीच नाही. सगळे डार्कोला बस्ट, म्हणजे फसलेली निवड म्हणतात ते मला पटत नाही. (खेळणं सोडल्यावर त्यानं सर्बियात सफरचंदाच्या बागा केल्या, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.)

आणि सेफ वाटून फसलेल्या निवडीलाही आमच्याकडे एक शब्द आहे, साका. हापूस बाहेरून पिवळाधमक, वास सुंदर, कापला की आत पांढरट स्पंजासारखा भाग. कापल्याशिवाय कळत नाही. पोर्टलंडनं 2007 ला पहिल्या नंबरवर ग्रेग ओडन घेतला, सात फुटी सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू), केविन ड्युरंट दुसऱ्या नंबरला गेला. ओडनचं गुडघ्याचं ऑपरेशन, पहिला सीझन पूर्ण गेला, सगळ्या करिअरमध्ये मिळून 105 मॅच. पाडाचं फळ घेतलं आणि साका निघाला.

साताऱ्याहून:
साका शब्दाला माझी हरकत आहे. ओडनच्या गुडघ्याला झालं ती दुखापत, त्यात त्याचा काय दोष, फळ सडकं निघालं असं माणसाबद्दल बोलू नये. बस्टला 'वाया गेला' सुद्धा नको, वाया गेलेला मुलगा म्हटलं की आपल्याकडे वर्तन बिघडलेला असा अर्थ होतो.

अपसाइडसाठी माझं मत 'वाव'. वाव म्हणजे अजून भरायची राहिलेली जागा. फक्त शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'सुधारणेस वाव आहे' लिहून लिहून आम्ही शिक्षकांनीच त्याला कमीपणा आणलाय, मूळ शब्द तसा नाही. सीलिंगला छत नको, छत डोक्याला आपटतं. 'मजल' म्हणा, याची मजल कुठवर जाईल. आणि वकूब वेगळा बरं का, वकूब म्हणजे आजची कुवत, मजल म्हणजे उद्याचा टप्पा. ब्रॉगडनचा वकूब मोठा होता. त्याच मिलवॉकीनं 2013 ला 15 व्या नंबरवर यानिस आंतेतोकुंपो घेतला, ग्रीसच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळणारा 18 वर्षांचा सडपातळ पोरगा, त्याचा वकूब त्या दिवशी फारसा दिसत नव्हता पण वाव अफाट होता. 2019, 2020 एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, 2021 ला चॅम्पियन, शेवटच्या मॅचला 50 पॉइंट.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांना वाचून दाखवलं. पण त्यावरून एक गोष्ट मला जाणवली. वाव हा खेळाडूचा असतो. मजल त्याची, वकूब त्याचा. सेफ मात्र खेळाडूबद्दल नाहीच आहे! सेफ घेणाऱ्याबद्दल आहे. म्हणून तर 'सुरक्षित' बसत नाही. मराठीत 'खात्रीचा' म्हटलं की खात्री कोणाची हे लगेच विचारता येतं, कारण खात्री कोणाची तरी असावीच लागते, मला खात्री आहे, त्याला खात्री नाही.

हे सुचलं ते 1984 च्या ड्राफ्टवरून. पहिला हकीम ओलाजुवान ह्यूस्टनला गेला, दुसऱ्या नंबरवर पोर्टलंडनं सॅम बोवी घेतला, तिसरा मायकल जॉर्डन शिकागोला. पोर्टलंडकडे जॉर्डनच्या जागेवर क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता, आदल्याच वर्षी घेतलेला, त्यांना सेंटर हवा होता, बोवी सात फुटाच्या वर, म्हणजे कागदावर अगदी बरोबर. पण बोवीचे कॉलेजमधले दोन सीझन पायाच्या फ्रॅक्चरमुळे बुडाले होते आणि पुढेही पाय पुन्हापुन्हा दगा देत राहिला. म्हणजे यात सुरक्षित काय होतं? पोर्टलंडची खात्री होती, की आपल्याला उंच माणूस हवाय. बोवीच्या पायाला ती खात्री माहीत नव्हती. ओडनच्या वेळीही तेच, आणि तीच टीम.

लातूरच्या दादांना एक सांगायचं, हमीभाव शब्द मला खूप आवडला पण ड्राफ्टमध्ये हमी आधीच दुसऱ्या कामाला लागलीय. पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराला पहिल्या दोन वर्षांच्या पगाराची हमी असते, तिसऱ्या-चौथ्याचं टीम ठरवते, दुसऱ्या फेरीवाल्याला अशी ठरलेली हमीच नाही. म्हणजे हमी खेळाडूला मिळते आणि खात्री टीमला हवी असते, हे दोन वेगळे ठेवले तर बरं.

लातूरहून:
पटलं. मग फ्लोअरला नुसतं 'किमान' म्हणा, किमान एवढं तरी देईलच.

नाशिकहून:
उशिरा आलो. एका क्रियापदाकडे लक्ष वेधतो. आपण म्हणतो हिरा निघाला, फुसका निघाला. निघाला म्हटलं की ते आत आधीपासून होतंच आणि आपल्याला दिसलं नाही इतकंच. ड्राफ्टवरची निम्मी भांडणं या एका क्रियापदामुळे होतात असं मला वाटतं. यानिस निघाला नाही, घडला. निवडल्यानंतर त्याची उंची वाढली, अंग भरलं, ते कोणीतरी करून घेतलं. डार्को तसा घडवला गेला नाही. अपसाइडवर वाद घालताना आपण पोराकडे बघतो, घडवणाऱ्याकडे बघतच नाही.

आणि 'होतकरू' कसा कोणी काढला नाही? आपला सतनाम सिंग, पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच, 2015 ला डॅलसनं 52 व्या नंबरवर घेतला, ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय. एनबीएची मॅच त्याच्या वाट्याला आली नाही. तरी त्या दिवशी तो होतकरू होता हे खोटं ठरत नाही, कारण होतकरू शब्द निकालाचं वचन देत नाही, चालू असलेल्या धडपडीबद्दल बोलतो.

मूळ प्रश्नकर्ती:
हे वाचून बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले आमच्या वेळी मला कोच होतकरूच म्हणायचे. आता ठरलं, खात्रीचा आणि होतकरू, किमान आणि मजल, मधली जागा वाव. देवगडच्या काकांचं पाड आणि आढीही आमच्या घरी राहणार.

एकच शिल्लक आहे, 'स्टील' (steal), म्हणजे खालच्या नंबरवर हाती लागलेला मोठा खेळाडू. निकोला योकिच 2014 ला 41 वा गेला, तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती, आणि आज तीन एमव्हीपी आणि 2023 ची चॅम्पियनशिप. चोरी म्हणवत नाही, डेन्व्हरनं कोणाचं काही चोरलं नाही. लॉटरी लागली म्हणावं तर ड्राफ्टमध्ये लॉटरी वेगळीच असते. बाबा म्हणतायत घबाड. मला घबाडात थोडी पैशाची हाव ऐकू येते, पण दुसरा शब्द सापडत नाहीये, कोणाकडे आहे का?