ईसीजी नाही तर नोंदणी नाही: नागपूरच्या फुटबॉलमध्ये असा नियम आणावा का?

धंतोलीचा_फुलबॅक
सरळ मत मांडतो. आपल्याकडे खेळाडूच्या वयाचा दाखला उलटून पालटून तपासतात, हृदयाचं कोणी विचारत नाही. इटलीत १९८२ पासून वैद्यकीय दाखल्याशिवाय स्पर्धेत उतरता येत नाही, आणि त्यात ईसीजी आलाच. डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन २०२१ च्या युरोमध्ये कोपनहेगनला कोसळला, वाचला, त्याला आयसीडी (ठोके बिघडले की आतूनच शॉक देणारं छोटं यंत्र) बसवला. तरी इटलीनं खेळू दिलं नाही, त्याच्या तिथल्या क्लबला, इंटर मिलानला, करार संपवावा लागला. कठोर आहे, पण मला पटतं. आपल्याकडे ईसीजी दोन-तीनशे रुपयांत होतो. चांगल्या स्टडच्या (फुटबॉलच्या बुटांच्या) एका जोडीच्या पैशांत निम्मी टीम तपासून होईल.

कामठीचा_स्टॉपर
भाऊ, एरिक्सनचं अर्धंच सांगितलं तुम्ही. २०२२ च्या जानेवारीत तोच माणूस इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबला गेला, मग मँचेस्टर युनायटेडला. छाती तीच, आयसीडी तोच, देश तेवढा बदलला. म्हणजे भांडण जबाबदारी कोणाच्या अंगावर यायची याचं आहे. आता इथलं सांगतो. आमचे पोट्टे रेल्वे आणि पोलीसच्या स्पोर्ट्स कोट्यावर डोळा ठेवून खेळून राहिले. ईसीजीत एक रेघ वाकडी निघाली की इको (हृदयाची सोनोग्राफी), इकोनंतर एमआरआय. पैसे कोण देणार? क्लबकडे बॉलला पैसे नसतात. मग पोट्टा घरी बसेल, नाहीतर मित्राचा ईसीजी आपल्या नावावर आणून देईल. हे मित्राच्या ईसीजीवालंच होईल, लिहून घ्या.

धंतोलीचा_फुलबॅक
वयाचे दाखलेही खोटे येतात. म्हणून वयोगटाच्या स्पर्धा बंद केल्या का आपण?

डॉ_मेडिकल_चौक
खेळाडूचा ईसीजी वाचणं हे वेगळं काम आहे. नियमित सराव करणाऱ्याचे ठोके मंद असतात, हृदयाची भिंतही थोडी जाड होते. सवय नसलेला डॉक्टर त्यालाच आजार समजतो. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं १९९६ ते २०१६ या काळात ११,१६८ किशोर खेळाडूंचे ईसीजी आणि इको केले. त्यातले पुढे हृदयविकारानं अचानक गेलेले ८, आणि त्या ८ पैकी ६ जणांची तपासणी नॉर्मल आली होती. ४२ जणांत जिवावर बेतू शकणारा दोष सापडला हेही खरं, त्यामुळे तपासणी वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण कागद हातात आला की आयोजक निर्धास्त होतात, मला भीती त्याची आहे. फुटबॉलपटू मुआंबा २०१२ मध्ये इंग्लंडात टॉटनहॅम क्लबच्या मैदानावर पडला, ७८ मिनिटं हृदय बंद होतं. तो वाचला, कारण सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) तिथल्या तिथे सुरू झाला आणि प्रेक्षकांतला एक हृदयरोगतज्ज्ञ धावत खाली आला. ठोका बंद पडल्यावर शॉक मिळायला लागणारं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी करतं. कामठीहून नागपूरच्या मेयो हॉस्पिटलला पोचेपर्यंत काय उरेल ते तुम्हीच मोजा. माझं मत: आधी मैदानावर एईडी (बाहेरून हृदयाला शॉक देणारं यंत्र) आणा आणि प्रत्येक टीममधल्या दोघा-तिघांना सीपीआर शिकवा.

गोलकीपरची_आई
डॉक्टरसाहेब, ८ पैकी ६ सुटले हे तुम्ही सांगता. ते ४२ सापडले, त्यांच्या आयांना विचारा तपासणी हवी की नको. माझ्या मुलाचं काय आहे ते मला कळू द्या. खेळायचं की नाही, ते मग बघू.

कामठीचा_स्टॉपर
ताई, 'मग बघू' मध्येच सगळं आलं. बघणार कोण? अन्वर अली २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकपवाला पोरगा. २०१९ मध्ये हृदयाचा स्नायू जाड निघाला, भारतीय फुटबॉल फेडरेशननं थांबवलं, तो दिल्ली हायकोर्टात गेला. आज भारताकडून खेळतो. त्याला वकील करता आला. आमच्या पोट्ट्यानं कोणाकडे जायचं?

रेशीमबागचा_पंच
तुम्ही ईसीजीवर भांडून राहिले, मी शिट्टी घेऊन मैदानात उभा असतो. मे महिन्यात दुपारी मॅच लावतात, पारा ४५ ला टेकलेला. पाण्यासाठी खेळ थांबवला की दोन्ही बेंच माझ्यावर ओरडतात. टूर्नामेंटला मांडव असतो, डीजे असतो, प्रमुख पाहुण्यांना हार असतो. अँब्युलन्सचं विचारा, तर उत्तर ठरलेलं: '१०८ ला फोन केला की येते ना.' बंगळुरूत २०१२ मध्ये व्यंकटेश नावाचा खेळाडू मैदानात कोसळला, त्याला ऑटोतून न्यावं लागलं. गेला बिचारा. अँब्युलन्स आल्याशिवाय किक-ऑफ नाही, एवढा अधिकार पंचाला द्या. ईसीजीचं तुमचं चालू द्या.

धंतोलीचा_फुलबॅक
पंचसाहेब, हे एकदम मान्य. पण अँब्युलन्स पडल्यानंतरची झाली, मी पडण्याआधीचं बोलून राहिलो. डॉक्टर, सीझनआधी एक कॅम्प घेतला तर? ईसीजी वाचणारा माणूस जाणकार असेल, खर्च आयोजकांचा.

डॉ_मेडिकल_चौक
जमेल. पण ज्यांच्यात शंका निघेल त्यांचा इको कुठे, किती दिवसांत, कोणाच्या पैशानं, हे कॅम्पच्या आधी कागदावर हवं. नाहीतर नुसती घबराट पसरवून आपण मोकळे.

कामठीचा_स्टॉपर
आणि रिपोर्ट पोट्ट्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्याच हातात. क्लबला गेला तर आमच्याकडून एकही येणार नाही.

धंतोलीचा_फुलबॅक
क्लबला कळलंच नाही, तर त्याला उतरवायचं की नाही हे कोच कशावरून ठरवणार?

गोलकीपरची_आई
कोचला मी सांगेन ना! घरचे काय तोंड शिवून बसणार आहेत?

कामठीचा_स्टॉपर
तुम्ही सांगाल ताई. ज्या घरात पोट्ट्याच्या रेल्वेच्या नोकरीवर सगळ्यांची आस आहे, ते नाही सांगणार.