अनुभव धागा : हातातले काम आणि स्वतःचा धंदा, दोन्हींना वेळ कसा पुरवता?

नाशिकमध्ये वायरिंग, प्लंबिंग, सुतारकाम, फॅब्रिकेशन अशी कामे स्वतःच्या नावावर घेणाऱ्यांकडे कसब असते. परंतु मोजमाप, कोटेशन, खरेदी आणि वसुली यांसाठी वेळ कोठून काढावा, हा प्रश्न बहुतेकांना सतावतो. आपण तो कसा सोडवला, हे कृपया सविस्तर लिहावे. लवकर उठण्याचा उपदेश नको.

वायरमन, सिडको : मी कामे भागानुसार लावतो. एका दिवशी सिडको, इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा, तर दुसऱ्या दिवशी नाशिकरोडकडची बाजू, कारण द्वारका चौकातील कोंडी दिवसातून दोनदा ओलांडली की एका कामाचा वेळ रस्त्यातच जातो. केवळ पाहणीसाठी बोलावल्यास व्हिजिटचे पैसे घेतो आणि काम मिळाल्यास ते बिलातून वजा करतो. यामुळे नुसते दर विचारणारे आपोआप गळतात.

फॅब्रिकेशन, अंबड : आमच्याकडे वेळ खातो तो वसुलीचा पाठपुरावा. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे बिल पास होऊनही पैसे निघत नसत, आणि तेथे खेपा घालताना वर्कशॉप हेल्परच्या भरवशावर राही. (त्याचा वेल्डिंगचा हात आता माझ्यापेक्षा बरा आहे, हा त्यातला फायदा.) उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडे होणारी लहान उद्योगांची नोंदणी) मोफत आहे, ती करून नोंदणी क्रमांक आणि देय तारीख प्रत्येक बिलावर छापावी. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यातच आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, ही मुदत उलटून गेलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती केल्याखेरीज खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चअखेर त्यांचाच अकाउंट विभाग आम्हाला फोन करतो. उशिरावर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज मागण्याचा हक्कही आहे, परंतु तो बजावून गिऱ्हाईक टिकेल असे मला वाटत नाही. सिंहस्थाच्या तोंडावर पोटकंत्राटे घेणाऱ्यांनी मुदत आधी लिहून घ्यावी.

सुतार, पंचवटी : पितृपक्षात नवे काम कोणी सुरू करत नाही आणि दसरा-दिवाळीला सगळ्यांनाच फर्निचर हवे असते. म्हणून मशिनची दुरुस्ती, मापे आणि कोटेशन मी त्या पंधरवड्यातच उरकतो. दिवाळीपूर्वीची तारीख अॅडव्हान्स जमा झाल्यावरच देतो, मग गिऱ्हाईक नात्यातले का असेना.

प्लंबरची पत्नी, नाशिकरोड : यांचा धंद्याचा फोन दिवसभर माझ्याकडे असतो, कारण पाइप जोडताना मध्येच फोन घेतला की काम लांबते. गळती किती, मेन कॉक बंद होतो का आणि मजला कोणता, हे विचारून मी कामांचा क्रम लावते. पाणी वाहत असेल तेच काम आधी. धंद्याचे खाते वेगळे ठेवून त्यातून दरमहा यांचा पगार घरखात्यात वळवते. अलीकडे माझाही वळवते, कारण हे काम करायला बाहेरचा माणूस ठेवला असता तर तो फुकट आला नसता.

वायरमन, सिडको : ताई, रात्री उशिरा येणाऱ्या फोनचे काय करता? त्यासाठी वेगळा दर सांगता का?

प्लंबरची पत्नी, नाशिकरोड : होय, दीडपट, आणि तो निघण्यापूर्वीच सांगते. निम्मे लोक मग सकाळी या म्हणतात.