नाशिक जिल्ह्यात तळागाळातल्या नेतृत्वासाठी फेलोशिप: निवड, मानधन, प्रशिक्षण कसं बसवावं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमची लहानशी संस्था आहे, सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक निधी घ्यायला लागणारी नोंदणी) आणि ८०-जीचे (देणगीदाराच्या करसवलतीचे) कागद पूर्ण आहेत. जिल्ह्यात १२ महिन्यांची फेलोशिप चालवायला एक कंपनी निधी देतेय. फेलो २० धरलेत. अट एवढीच की गट एकाच थरातला नको: आदिवासी, दलित, मुस्लिम, भटके-विमुक्त, अपंग, तृतीयपंथी, आणि निम्म्या तरी बायका हव्यात.

जाहिरात फेसबुकवर आणि ओळखीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकली. अर्ज ढिगाने आले, पण बहुतेक नाशिक शहरातल्या गंगापूर रोड, इंदिरानगर, कॉलेज रोडचे, त्यात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेलेच जास्त. सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यातून एकही नाही. मालेगावातून आले ते दोन्ही पुरुष. नुसती मुदत वाढवून भागेल असं दिसत नाही. निवड कशी करावी, मानधन किती द्यावं, वर्षभर शिकवायचं काय, आणि अशा कार्यक्रमात घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

पेठरोड

मुदत वाढवू नका, अर्जच बदला. ऑनलाइन फॉर्म, बायोडाटा आणि "नेतृत्व म्हणजे काय, ३०० शब्दांत लिहा" असा प्रश्न असेल तर ज्याला लिहायची सवय आहे तोच येणार. मग निवड समिती कितीही चांगली असली तरी तिच्यासमोर तेच चेहरे.

एका पानाचा कागद पुरे. नाव, गाव किंवा वस्ती, वय, फोन आणि दोनच प्रश्न: गेल्या दोन वर्षांत चार लोकांना सोबत घेऊन केलेलं एखादं काम सांगा, त्यात कोण आडवं आलं आणि मग काय केलं? उत्तर लिहून द्या, नाहीतर तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा. मराठी, कोकणी, अहिराणी, भिल्ली, उर्दू, कुठलीही भाषा चालेल. दुसरा प्रश्न काढू नका. खरं काम केलेला माणूस तिथे नावानिशी बोलतो. बाकीचे "सर्वांचं सहकार्य मिळालं" म्हणून मोकळे होतात.

पदवीची अट असेल तर काढा. वयाची १८ ते ३५ अशी मर्यादा असेल तर तीही काढा. पाड्यावरची बाई मुलं हाताखाली आल्यावर, चाळिशीच्या आसपास, बाहेर पडू शकते, आणि बैठकीत तिचंच ऐकलं जातं.

कागद घेऊन जायचं कुठे? उमेदच्या ग्रामसंघाच्या (गावातल्या महिला बचतगटांच्या संघाच्या) मासिक बैठकीला, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आशांच्या बैठकीला, आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत, सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कंत्राटी कामगारांकडे पाळी सुटताना. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी जुम्म्याच्या नमाजाची वेळ सोडून जा, आणि बायकांच्या बैठकीला बाईच पाठवा.

स्वतःचा अर्ज आणि लोकांची शिफारस, दोन्ही घ्या. नुसती शिफारस मागितली की सरपंचाचा भाचा येतो. म्हणून वस्तीतल्या पाच जणांच्या सह्या मागा, त्यातल्या तीन बायकांच्या, आणि सही करणारा पदाधिकारी किंवा अर्जदाराचा नातेवाईक नको. मग दोघांनी वस्तीत अर्धा दिवस जाऊन ज्यांनी सह्या केल्या नाहीत त्यांच्याशी बोलावं. मुलाखतीपेक्षा हे जास्त सांगून जातं.

अजून एक. २० फेलो पंधराही तालुक्यांत वाटू नका. कंपनीला नकाशा भरलेला दिसतो, पण प्रत्येक जण एकटा पडतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, मालेगाव, निफाड आणि नाशिक शहरातल्या वस्त्या, असे सहा भाग धरा आणि प्रत्येकी तीन-चार फेलो घ्या. कुठल्याही समाजाचा एकच माणूस गटात नको, किमान दोन. एकटाच असला की दर वेळी त्याला सगळ्या समाजाच्या वतीने बोलायला लावतात, आणि चौथ्या महिन्यात तो येईनासा होतो.

निफाडकर

पेठरोड यांच्याशी सहमत, फक्त कॅलेंडरचं सांगतो. जून-जुलैत इगतपुरी-पेठ पट्ट्यात भाताची आवणी (रोपांची लावणी). सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी, मग डिपिंग-थिनिंग (घड औषधात बुडवणं, मणी विरळ करणं), जानेवारीपासून काढणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी. पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या यातला बराच काळ दिंडोरी-निफाडच्या बागांवर असतात. तुम्ही डिसेंबरात फेलोला पाड्यावर "समुदाय बैठक" घ्यायला लावाल तर बैठकीला म्हातारी माणसं आणि कोंबड्या.

निवड ऑगस्टमध्ये, आवणी उरकल्यावर करा. आणि दिवाळीनंतरचं फेलोचं काम बागांवर न्या. टोळीची उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) किती, हिशेब कोणाच्या वहीत, पालावर पाणी आणि संडास आहे का, मुलं कुठल्या शाळेत दाखवली आहेत, गावी त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालू झालं का. उचलीचा हिशेब मुकादमाकडे असतो तसा टोळीकडेही असावा, एवढ्यावरच एका फेलोचे तीन महिने सहज जातात.

हिशेबनीस

पैशाचं बोलू. मानधन ठरवायची सोपी कसोटी: त्या भागात मजुरीला गेल्यावर महिन्याला जे हाती येतं त्यापेक्षा कमी नको. कमी दिलंत तर ज्याचं घर दुसऱ्याच्या पगारावर चालतं तोच टिकेल, म्हणजे पुन्हा गंगापूर रोडच. २० जणांचा अंदाज असा:

मानधन १२,००० × २० × १२ = २८,८०,०००
प्रवास आणि रिचार्ज २,००० × २० × १२ = ४,८०,०००
निवासी शिबिरं ६, प्रत्येकी ४ दिवस, २५ माणसं, माणशी रोजचे ७०० = ४,२०,०००
मेंटॉर (फेलोंना मार्गदर्शन करणारे) ३, प्रत्येकी २५,००० × १२ = ९,००,०००
वस्तीतल्या कामासाठी फेलोच्या हाती १५,००० × २० = ३,००,०००
पाळणाघर, दुभाषी, सोबतीचा खर्च = १,५०,०००

एकूण ५१,३०,०००, म्हणजे फेलोमागे अडीच लाखांच्या थोडं वर. शेवटची ओळ सगळ्यात आधी कापली जाते. ती कापली की तान्हं मूल असलेली बाई आणि कर्णबधिर फेलो दोघंही गळतात.

बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे म्हणून त्यांचा प्रवासभत्ता निम्मा करू नका. पाड्यावरून फाट्यापर्यंत जीपच असते आणि तिथे सवलत नाही. शिबिराचा प्रवासखर्च आगाऊ द्या, "बिल आणा, मग देतो" नको. मानधन ५ तारखेच्या आत, आणि फेलोच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यात. नवऱ्यासोबतच्या जोडखात्यात गेलं की पैसे आले हेच तिला कळत नाही.

मेंटॉरचं मानधन कार्यक्रमाच्या खर्चातच दाखवा. सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, तरी काही कंपन्यांचे लोक ती संस्थेच्या गळ्यात मारतात. करारात "हजेरी", "रजा", "वरिष्ठ" असे शब्द पेरलेत तर फेलो नोकरच दिसेल, तेव्हा मसुदा आधी सीएला दाखवा.

गोदाकाठ

हिशेबाबद्दल आभार. कंपनीच्या बाई म्हणतायत, मानधन ६,००० करा आणि फेलो ४० घ्या, आकडा चांगला दिसतो. काय सांगू?

हिशेबनीस

सरळ नाही म्हणा. पैसे कमी असले तर १० घ्या, पण मानधन कापू नका. शिवाय ४० जणांना तीन मेंटॉर म्हणजे एकाकडे तेरा-चौदा. महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या वस्तीत जायचं तर सात ही कमाल. त्यापुढे मेंटॉर फक्त फोनवर अहवाल गोळा करत बसतो.

कागदपत्री

शिकवण्याबद्दल. "व्यक्तिमत्त्व विकास" आणि "संवाद कौशल्य" यांवर दोन शिबिरं घालवू नका. कागद हातात धरायला शिकवा, बोलणं त्यामागून येतं.

पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येक फेलोने ग्रामपंचायतीतून मागच्या वर्षाची ग्रामसभांची इतिवृत्तं मिळवायची. राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि त्याआधी महिलांची सभा. गणपूर्तीला (किमान हजेरीला) मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. इतिवृत्तातल्या सह्या आणि गावातली माणसं जुळवून बघा, बरंच कळतं. प्रत तोंडी मागून मिळाली नाही तर माहितीचा अधिकार: अर्ज १५० शब्दांत, विषय एकच, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. अर्ज फेटाळले जातात ते बहुधा एका कागदात पाच विषय कोंबल्यामुळे.

शहरातल्या आणि मालेगावच्या फेलोंसाठी हेच काम प्रभागाच्या पाणी-गटारीच्या खर्चावर घ्या. पेठ-सुरगाण्यात वनहक्क (कसत आलेल्या वनजमिनीवरचा हक्क) हा विषय घ्या. २००६च्या कायद्यात वैयक्तिक दाव्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, कमाल ४ हेक्टर, आणि पुरावा एकाहून जास्त लागतो. गावातल्या ज्येष्ठाचा लेखी जबाबही पुराव्यात धरतात, फक्त तो ज्येष्ठ स्वतः दावेदार नसावा. दावा नाकारला तर कारण लेखी घ्या, वरच्या समितीकडे जायला ६० दिवस असतात. बरेच दावे पुराव्याअभावी जातात असं म्हणतात, पण निकालच हातात न मिळाल्याने मुदत उलटून गेली, हेही तितकंच होतं.

शिबिरात पहिल्या दिवशी आडनावं विचारू नका. छातीवरच्या चिठ्ठीवर फक्त नाव, खोल्या सोडतीने. मांसाहार-शाकाहार वेगळे वाढा, पण पंगत एकच. जातीवरचं सत्र दुसऱ्या शिबिरात, आणि ते चालवायला मुरलेला माणूस आणा. अर्धवट चालवलं तर ज्याचा अपमान झाला त्यालाच सगळ्यांसमोर तो पुन्हा सांगावा लागतो. पहिल्या शिबिराला मालेगावची किंवा पाड्यावरची मुलगी आई-भावाला घेऊन आली तर येऊ द्या. दुसऱ्या वेळी ती एकटी येते.

लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती फेलो येण्याआधी बसवा. २०१३च्या कायद्यात "कर्मचारी" या शब्दात प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवकही येतात, म्हणजे समिती सक्तीची होते तो दहाचा आकडा तुम्ही ओलांडणारच. अध्यक्ष बाई, निम्म्या सदस्य बायका, एक बाहेरची व्यक्ती.

आणि घोडं पेंड कुठे खातं? संस्था फेलोला स्वतःच्या सर्वेक्षणाला जुंपते, तिथे. टॅबवर ४०० घरं भरून आण म्हटलं की गावाला तो संस्थेचा माणूस वाटतो, आणि वर्ष संपलं की गाव त्याला विसरतं. तिमाही आढाव्यात बैठकांची संख्या मागू नका. दोन गोष्टी विचारा: फेलो हजर नसताना सभा झाली का, आणि तिथे फेलोखेरीज कोण बोललं.

गोदाकाठ

फार उपयोगी, अर्जाचा कागद आजच बदलतो. एकच शंका. वर्षात निवडणुका लागल्या आणि एखादी फेलो उभी राहिली तर?

कागदपत्री

राहू द्या, बायकांना पंचायतीत ५० टक्के आरक्षण आहे ते उभं राहण्यासाठीच. पण पैसा वेगळा ठेवा. उमेदवारी अर्ज भरला त्या दिवसापासून मानधन आणि वस्तीनिधी बंद, ओळखपत्र परत. ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढवत नाहीत, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती लढवतात. सीएसआरचा पैसा पक्षाकडे वळला असा नुसता संशय आला तरी कंपनी हात झटकेल. हरली तर निकालानंतर परत घ्या, निवडून आली तर मानधनाशिवाय शिबिरांना येऊ द्या. हे कलम करारात पहिल्याच दिवशी घाला. आचारसंहिता लागल्यावर घातलंत तर कोणाला तरी पाडायला घातलं, असंच गावात बोललं जाईल.