मदत हवी आहे: आणीबाणीसाठी वॉकी-टॉकी कोणता घ्यावा आणि कसा वापरावा?

गेल्या वादळात दोन दिवस वीज नव्हती आणि पहिल्याच रात्री मोबाइलची रेंजही गेली. आईबाबा आमच्यापासून जेमतेम एक किलोमीटरवर, दुसऱ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. ट्रेकसाठी कधीतरी घेतलेली वॉकी-टॉकीची जुनी जोडी घरात होती. त्यातला एक संच मी संध्याकाळीच बाबांना देऊन आले होते.

रात्री त्यांच्या तळमजल्यात पाणी शिरायला लागलं. मी समोरच्या उंचवट्यावर उभी राहिले, बटण दाबलं आणि घाईघाईत ओरडले, "नका उतरू बाबा!" त्यांना ऐकू आलं ते फक्त "...उतरू बाबा". खरखरीत 'उतरू' आणि 'उतरा' यातला फरक कसा कळणार? मी परत बोलणार तोवर माझ्या संचाचा लाल दिवा लागला आणि तो बंदच पडला. बाबा आईचा हात धरून अंधारात तीन मजले उतरले. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी अडवलं म्हणून निभावलं. तो प्रसंग अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता नीट माहिती घेऊन चांगले चार संच घ्यायचे आहेत. खोक्यांवर १०, २०, अगदी ३० किलोमीटरचे आकडे दिसतात, पण आमच्या जुन्या जोडीच्या खोक्यावरही ८ लिहिलं होतं आणि एका किलोमीटरला तिची दमछाक होत होती. जास्त वॉटचा घेतला तर हा प्रश्न सुटेल का? परवाना लागतो का? बॅटरी आतलीच बरी की बदलता येणारी? आणि माझा पहिला शब्द गेला कुठे? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण धोका तिथेच झाला. बटण दाबल्याबरोबर संच प्रक्षेपण सुरू करत नाही, त्याला क्षणभर लागतो. समोरच्या संचालाही शांततेतून जागं होऊन स्पीकर उघडायला तितकाच वेळ लागतो. त्यामुळे बटण दाबा, मनात 'एक' म्हणा आणि मग बोला. तोंडापासून चार बोटांवर धरा, ओरडू नका; ओरडल्याने आवाज फाटतो.

दुसरं, आपल्या बोलण्यात 'नका' बरेचदा वाक्याच्या तोंडाशी येतो आणि कापला जातो तो नेमका तोच. म्हणून आम्ही बचावकार्याच्या सरावात नकारार्थी सूचना देतच नाही. 'नका उतरू'ऐवजी 'बाबा, बाबा, वरच थांबा. वरच थांबा.' आधी नाव दोनदा, मग सूचना दोनदा. अर्धं कापलं गेलं तरी अर्थ उलटत नाही. ऐकणाऱ्याने ती सूचना स्वतःच्या तोंडाने परत म्हणायची: 'वरच थांबतो.' ते ऐकू येईपर्यंत निरोप पोचला असं धरायचं नाही.

आता अंतर. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट मोकळ्या जमिनीवर दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचाचं रेडिओ-क्षितिज साधारण ५ किलोमीटर असतं. खोक्यावरचा मोठा आकडा डोंगरमाथ्यावरून दरीत बोलण्याचा असतो. इमारतींच्या गर्दीत छोट्या संचाला एक-दीड किलोमीटर मिळालं तरी चांगलं म्हणायचं. वॉटने त्यात फार फरक पडत नाही: ताकद चौपट केली तर अगदी मोकळ्या जागीसुद्धा अंतर दुप्पट होतं, भिंतींमध्ये त्याहून बरंच कमी. त्यापेक्षा आतल्या खोलीतून खिडकीपाशी या, एक मजला वर चढा, अँटेना उभी धरा. कमरेला अडकवलेल्या संचाचा सिग्नल तुमचं शरीरच अडवतं. वस्तीत, काँक्रीटच्या आत-बाहेर ४०० मेगाहर्ट्झच्या पुढचा यूएचएफ संच सहसा बरा चालतो.

प्रतिसाद २

परवान्याबद्दल: ते देशावर अवलंबून आहे आणि खरेदीच्या आधी बघायलाच हवं. युरोपात पीएमआर४४६ नावाच्या वॉकी-टॉकी प्रकाराला परवाना लागत नाही. मर्यादा अर्धा वॉट आणि अँटेना संचालाच कायमची जोडलेली. अमेरिकेत एफआरएस हा तसाच घरगुती प्रकार ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विनापरवाना चालतो, जास्तीत जास्त २ वॉट. त्याच पट्ट्यातल्या जास्त ताकदीच्या जीएमआरएसला मात्र परवाना घ्यावा लागतो. म्हणून एका देशातून भेट म्हणून आलेला संच दुसऱ्या देशात सरळ चालू करू नये. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना परीक्षा देऊन मिळतो. उंचावरच्या रिपीटरमार्फत (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) लांबवर बोलता येतं म्हणून तो घेण्यासारखा आहे, पण तुमच्या बाबांनाही तो हवा, हे लक्षात घ्या.

आणखी एक. 'प्रायव्हसी कोड' नावाच्या सोयीने बोलणं गुप्त होत नाही, फक्त दुसऱ्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही. एका संचावर कोड चुकून बदलला तर चॅनेल तोच, दिवाही लुकलुकतो, पण आवाज शून्य. आणीबाणीसाठी सगळ्या संचांवर कोड बंद ठेवा आणि बटणांचं कुलूप लावा.

प्रतिसाद १

बॅटरी राहिली. बोलताना ती ऐकण्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च होते. जाहिरातीतले तास बहुधा ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के नुसतं चालू राहणं असं धरून काढलेले असतात. मी तरी साधे एए सेलही चालतील असाच संच निवडेन; दोन दिवस वीज नसली तर चार्जर काय कामाचा? सेल मात्र संचात घालून महिनोन्महिने ठेवू नका, गळून संपर्कपट्ट्या गंजवतात. लिथियम बॅटरी कपाटात ठेवायची तर निम्मी भरलेली, थंड जागी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी तपासून. वादळाची सूचना आली की पूर्ण भरा. आणि संच सतत चालू ठेवण्यापेक्षा वेळ ठरवा: दर तासाची पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी ऐकायचं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज जुन्या जोडीत ताजे सेल घालून बघितलं. बाबा स्वयंपाकघरात होते तेव्हा नुसती खरखर. ते बाल्कनीत आले आणि मी आमच्या गच्चीवर गेले, तर त्यांच्यामागे आई भांडी लावत होती तेही ऐकू आलं! मी म्हटलं, "बाबा, बाबा, वरच थांबा." क्षणभर काहीच नाही, मग ते म्हणाले, "वरच थांबतो." घशात दाटून आलं हो.

चॅनेल, वेळ आणि ही दोन वाक्यं ठळक अक्षरात लिहून संचाच्या पाठीला चिकटवली आहेत. नवे संच एए सेलवर चालणारे, अर्ध्या वॉटचेच बघते आहे. एकच विचारायचं राहिलं: बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. त्यांच्यासाठी कानात घालायचा इअरपीस घ्यावा, की मोठ्या आवाजाचा बाहेरचा स्पीकर-माइक?

प्रतिसाद २

स्पीकर-माइक. इअरपीस लावला की आईंना काहीच ऐकू येणार नाही, आणि अशा रात्री दोघांनीही ऐकणं बरं. फक्त घेण्याआधी संचाची पिन जुळते का बघा, सगळ्यांची एकसारखी नसते.