मदत हवी आहे: धाकट्या जावेला स्वतःकडे लक्ष द्यायला कसं लावू?

नमस्कार मैत्रिणींनो. आम्ही कसबा बावड्यात राहतो. माझ्या धाकट्या जावेला पाचवा महिना लागलाय, पहिलंच बाळंतपण. पोरगी गुणाची, पण स्वतःसाठी काही करायचं म्हटलं की तिला अवघडल्यासारखं होतं. सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलंसुरलं खाते. दुपारी जरा पडली आणि सासूबाई आल्या की धडपडून उठते. त्या वाईट नाहीत हो, पण "आम्ही नवव्या महिन्यापर्यंत म्हशीच्या धारा काढल्या" हे ऐकलं की ही परत कामाला लागते.

लोहाच्या गोळ्यांचं तर विचारूच नका. पोट जड होतं म्हणून मधेच सोडते, घेतली तर चहाबरोबर! चहानं लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यायची, हे आशाताईंनी दोनदा सांगितलं. मान डोलावते, करत नाही. मी बोलले तर तिला थोरल्या जावेचा जाच वाटेल, ही भीती.

गेल्या रविवारी रंकाळ्यावर फिरायला नेलं, तेव्हा मात्र मोकळेपणानं बोलली. रात्री झोप लागत नाही, भीती वाटते म्हणाली. डॉक्टरांना हे सांगायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं.

तुमच्या पहिल्या वेळी कुणाच्या कोणत्या बोलण्यानं फरक पडला? गोळ्यांची सवय कशी लागली? दिराला यात कसं ओढू? आणि कोल्हापुरात गरोदर बायकांचा व्यायामवर्ग कुणी स्वतः केला असेल तर कृपया सांगा.