पंख गळालेली राणी मुंगी: कॅम्पोनोटसच आहे का?

प्रश्न
पावसाच्या सरीनंतर संध्याकाळी भिंतीकडेला मिळालेली राणी. लांबी साधारण १५ मिमी, रंग काळपट तपकिरी, पाय तांबूस. टेस्ट ट्यूबमध्ये ठेवली आहे. वरून काढलेला फोटो जोडतोय. कॅम्पोनोटस (सुतार मुंग्यांची जीनस, म्हणजे प्रजातींचा गट) असेल तर नेमकी कोणती प्रजाती?

प्रतिसाद १
वरून फक्त रंग आणि लांबी कळते. रंग बेभरवशाचा, लांबीही अंड्यांनी पोट फुगलं की बदलते, डोक्याची रुंदी मोजलेली बरी. बाजूने फोटो टाका, कमरेवर गाठी किती ते दिसू दे. दोन असतील तर बहुधा मिर्मिसिने उपकुळ, म्हणजे कॅम्पोनोटसचा विषयच संपला. एकच गाठ, पण पोटाच्या पहिल्या दोन खंडांमध्ये आवळल्यासारखी खाच असेल तर बहुधा पोनेरिने उपकुळ. तसं असेल तर तिला उपाशी कोंडून ठेवू नका. या गटातल्या बहुतेक राण्या पहिली पिल्लं वाढवताना शिकारीला बाहेर पडतात.

फोटोआधी नळी पाचेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे ती मंदावेल. फ्रीझरमध्ये अजिबात नको. खाली मिलिमीटरचा आलेख कागद असू द्या.

प्रश्नकर्ता
बाजूचा फोटो टाकलाय. गाठ एकच, खाच नाही.

प्रतिसाद २
आता दहापट भिंगातून पोटाचं टोक बघा. गोल छिद्र आणि भोवती केसांची झालर दिसली की फॉर्मिसिने, म्हणजे कॅम्पोनोटसचं उपकुळ. आडवी फट म्हणजे डोलिकोडेरिने हे वेगळं उपकुळ. मग चेहरा अगदी समोरून. जबड्यांच्या लगेच वर जी ढालीसारखी पट्टी असते ती क्लिपियस. मिशा तिच्या मागच्या कडेपासून चांगल्या अंतरावर उगवल्या असतील तर बहुधा कॅम्पोनोटस. लॅसियस आणि फॉर्मिका या त्याच उपकुळातल्या दुसऱ्या जीनसमध्ये त्या कडेला जवळजवळ टेकलेल्या असतात. नवखे फसतात ते इथेच, कारण फोटो जरा तिरपा आला की हे अंतर दिसतच नाही.

प्रतिसाद ३
जीनसपर्यंत ठीक, प्रजातीची घाई नको. कॅम्पोनोटसमध्ये हजारावर प्रजाती आहेत आणि ओळख-तक्ते बहुतेक कामकरी मुंग्यांवरून बनवलेले. पहिल्या कामकरी खुज्या निघतात, त्यांच्यावरून ठरवू नका. मोठ्या डोक्याच्या कामकरी, म्हणजे मेजर, आल्या की त्यांचं डोकं, गाठीचा आकार आणि अंगावरचे केस बघा. सापडल्याची तारीख, वेळ आणि जागा आत्ताच लिहून ठेवा, उड्डाणाच्या हंगामावरून बरीच नावं गळतात.

तोवर नळीत एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट कापूस, अंधार. कॅम्पोनोटस असेल तर पहिल्या कामकरी येईपर्यंत खाणं लागत नाही. आठवड्यातून एकदाच डोकवा; सारखी हलवली तर अंडी खाऊन टाकते.