मदत हवी आहे: कामोते-क्यू करताना रताळ्यावर साखरेचे कवच बसत नाही

नमस्कार. तळलेल्या रताळ्यावर साखरेचे पातळ आणि कडक कवच कसे चढवावे, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. पदार्थ फिलिपिन्सचा असून त्याचे नाव ‘कामोते-क्यू’ असे आहे. कामोते म्हणजे रताळे. ‘क्यू’ हे बार्बेक्यूचे शेपूट असून ते केवळ काडीला टोचून विकतात म्हणून जोडलेले आहे. निखाऱ्याशी या पदार्थाचा काहीही संबंध नाही. साबा जातीची केळी घेऊन असेच केले की त्याला ‘बनाना-क्यू’ म्हणतात.

मुलगी फिलिपिन्समधल्या दावाओ शहरात वैद्यकीय शिक्षण घेत असताना आम्ही उभयता पंधरा दिवस तिच्याकडे राहून आलो. तिच्या खोलीजवळच्या कोपऱ्यावर दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या ‘मेरिएंदा’च्या (मधल्या वेळच्या खाण्याच्या) वेळी, एक बाई मोठी कढई मांडून बसत. रताळ्याच्या जाड चकत्या अर्ध्याअधिक तळून झाल्या की त्या तांबूस साखर मुठीने थेट तेलात सोडत. साखर तळाशी बसे, थोडा वेळ काहीच घडत नसे, आणि मग वितळलेल्या साखरेचे तपकिरी धागे झाऱ्याबरोबर वर येऊन चकत्यांना बिलगू लागत. चार-पाच वेळा खालीवर केले की प्रत्येक चकती काचेसारखी चकाकू लागे, आणि किंचित निवल्यावर त्या ती बांबूच्या काडीत ओवत. उपासाला आपण तुपावर करतो ते रताळ्याचे गोड काप मला अतिशय आवडतात, परंतु ते पाकात मऊ पडतात. दाताखाली कडकन फुटणारे हे कवच ही अगदी वेगळीच चीज आहे.

आता मुलगी परत आली आहे आणि तिला हेच हवे आहे. मी बाजारातली लाल सालीची, आतून पांढरी रताळी घेऊन तीन वेळा प्रयत्न केला. पहिल्यांदा किसलेला गूळ घातला, तर तेल फसफसून वर आले आणि गूळ करपला. दुसऱ्यांदा नेहमीची पांढरी साखर घातली, तर तिचा तळाशी गोळा झाला आणि चकत्या कोऱ्याच राहिल्या. तिसऱ्यांदा कवच बसले खरे, परंतु दुसरा घाणा कडू झाला आणि पहिला कागदाला असा चिकटला की तो कागदासकट टाकावा लागला. माझे नेमके काय चुकते आहे?

प्रतिसाद:

आपली पद्धत बरोबर आहे, साहित्य आणि आच यांत गफलत होते आहे. साखर तेलात विरघळत नाही, ती केवळ वितळते, आणि त्यासाठी तेल साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअस इतके तापलेले राहावे लागते. एका वेळी फार चकत्या सोडल्या की तेल निवते आणि साखरेचा गोळा होतो. गुळात पाण्याचा अंश अधिक असल्यामुळे तो फसफसणारच, म्हणून तो वगळावा. खांडसारी किंवा बारीक दाण्याची ब्राउन शुगर घ्यावी. पाव किलो रताळ्यांना तीन-चार मोठे चमचे पुरतात. चकत्या अर्धा इंच जाडीच्या कापून, धुऊन, फडक्याने अगदी कोरड्या पुसाव्यात आणि साखर घातल्यावर आच मध्यम ठेवून त्या सतत हलवत राहावे.

दुसरा घाणा कडू होतो तो तळाशी उरलेल्या साखरेमुळे. ती पुन्हा तापून काळी पडते, म्हणून प्रत्येक घाण्यानंतर ती झाऱ्याने काढून टाकावी. तळलेल्या चकत्या कागदावर न काढता तुपाचा हात लावलेल्या ताटात सुट्या ठेवाव्यात. वितळलेली साखर हाताला चिकटली तर तेलापेक्षा वाईट भाजते, तेव्हा चकत्या निवेपर्यंत बोट लावू नये.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

मनःपूर्वक आभार. आज खांडसारी घेऊन सहा चकत्यांचा एकच घाणा काढला आणि कवच पातळ, कडक, अगदी मनासारखे बसले. आता शंका एवढीच उरली आहे की पावसाळी हवेत तासाभराने ते पुन्हा चिकट झाले. यावर काही उपाय आहे, की तिथल्याप्रमाणे कढईपाशी उभे राहूनच खावे?